नेव्हेरचे तळघर

हा लेख एका चित्रपटाविषयी आहे, असे म्हणून मी सुरुवात करतो आहे. पण शेवटी तो आमच्या घरातच येऊन पोचणार आहे, हेही आधीच सांगून टाकतो. म्हणजे मग कोणाची तक्रार नको.

चित्रपटाचे नाव ‘हिरोशिमा, मॉन आमूर’. मराठीत सांगायचे तर ‘हिरोशिमा, माझ्या प्रेमा’. फ्रेंच दिग्दर्शक आलँ रेने यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट, १९५९ सालचा. मी तो प्रथम पाहिला बी.ए.ला असताना, पणजीत, एका फिल्म सोसायटीच्या खेळाला. खरे सांगायचे तर तेव्हा मला तो काडीचाही कळला नाही. एक फ्रेंच बाई, एक जपानी पुरुष, दोघे सारखे बोलतात, मध्येच चित्र दुसऱ्याच गावात जाते, परत येते. मी अर्धा वेळ पेंगलो आणि बाहेर आल्यावर मित्रांसमोर ‘ग्रेट आहे’ असे म्हणालो. त्या वयात असे म्हणावेच लागते!

दुसऱ्यांदा पाहिला तो अलीकडे, पावसाळ्यातल्या एका रविवारी, मुलीच्या लॅपटॉपवर. बाहेर धो धो पाऊस. बाजूला आई वाती वळत बसली होती. तिला फ्रेंच येत नाही, इंग्रजी अक्षरे वाचायची तर तेवढी नजर आता राहिलेली नाही. ती आपली मधूनमधून मान वर करून नुसती चित्रे पाहत होती. चित्रपटात एक दृश्य येते. तळघरात एक तरुण मुलगी बसली आहे, तिच्या डोक्यावरचे केस कातरून टाकलेले आहेत आणि ती वरच्या झरोक्याकडे पाहते आहे. आईचा हात वातीवरच थांबला. ती म्हणाली, “आते भशेन दिसता ही.”

मी चित्रपट थांबवला. त्या दिवशी पुढचा भाग पाहिलाच नाही.

आते म्हणजे बाबांची आत्या. तिच्याकडे मी पुढे येईन. आधी हा चित्रपट काय आहे आणि तो कुठल्या इतिहासातून आला ते सांगतो. कारण आई सहज जे बोलून गेली, त्याचा अर्थ मला तो इतिहास वाचल्यावरच लागला.

आलँ रेने यांनी १९५५ साली नाझी छळछावण्यांवर ‘नाइट अँड फॉग’ नावाचा ३२ मिनिटांचा माहितीपट केला होता. त्याचे निवेदन जाँ केरॉल यांनी लिहिले होते, जे स्वतः माउटहाउझेनच्या छावणीतून जिवंत परतले होते. तो माहितीपट जगभर गाजला. त्यानंतर निर्मात्यांनी रेने यांना अणुबाँबवर तसाच एक माहितीपट करायला सांगितले. रेने काही काळ त्यावर विचार करत राहिले आणि मग त्यांच्या लक्षात आले की आपण पुन्हा तेच करू. तीच प्रेते, तोच आकडा, तोच धक्का. पाहणारा तासभर हळहळेल आणि घरी जाऊन जेवेल. तेव्हा त्यांनी माहितीपट बाजूला ठेवला आणि पटकथेसाठी मार्गरित द्युरास या कादंबरीकार बाईंना गाठले. हिरोशिमाची गोष्ट सांगताच येत नाही, तर ती सांगता येत नाही हीच गोष्ट का सांगू नये, असा काहीसा तो मार्ग होता. आणि त्यासाठी त्यांनी निवडली एक प्रेमकथा.

कथा अशी. साल १९५७-५८ च्या सुमाराचे. एक फ्रेंच नटी शांततेवरच्या एका चित्रपटात काम करायला हिरोशिमाला आली आहे. त्यात ती नर्सचा वेष करते. परतीचा दिवस जवळ आला असताना तिची एका जपानी वास्तुशिल्पीशी गाठ पडते. दोघेही विवाहित, आपापल्या संसारात सुखी. एका रात्रीचा आणि एका दिवसाचा हा संबंध. ती त्याला सांगते की मी इथले सगळे पाहिले. इस्पितळ पाहिले, संग्रहालय पाहिले, वितळलेले लोखंड पाहिले, जळालेली कातडी पाहिली. तो शांतपणे प्रत्येक वेळी नाकारतो. तू काही पाहिले नाहीस, असे त्याचे म्हणणे. बाँब पडला तेव्हा तो सैन्यात, दूर होता. त्याचे घरचे लोक मात्र हिरोशिमात होते.

आपण म्हणू की एवढे निष्ठुर उत्तर का? पण विचार केला की पटते. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी बाँब पडला. तो जमिनीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली, असा अंदाज आहे. हा आकडा मी इथे सहज टाईप केला. तुम्ही तो सहज वाचला. आपण दोघांनीही काही पाहिले नाही!

आणि मग चित्रपट दुसरीकडे वळतो. सकाळी तो झोपलेला असताना त्याचा हात झोपेत किंचित हलतो आणि त्या हलणाऱ्या बोटांकडे पाहताना तिला एका क्षणात दुसराच हात दिसतो. मरणाऱ्या माणसाचा. इथून तिची स्वतःची गोष्ट वर येऊ लागते. ती फ्रान्समधल्या नेव्हेर या, ल्वार नदीकाठच्या गावची. महायुद्धात फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात होता. वडिलांचे औषधाचे दुकान. तिथे तिचे एका जर्मन सैनिकावर प्रेम बसले. दोघे गुपचूप भेटत, लग्न करून बव्हेरियाला जायचे ठरवत होते. गाव मुक्त होण्याच्या आदल्या दिवशी कोणीतरी त्याला गोळी घातली. ती त्याच्या अंगावर पडून राहिली, तो थंड होईपर्यंत. त्यानंतर गावात मुक्तीच्या घंटा वाजल्या. आणि लोकांनी तिला धरून तिचे केस कापले.

बापाचे दुकान या लाजेने बंद पडले. आईबापांनी तिला तळघरात ठेवले. भिंतीवर ती नखे घासते, रक्त चोखते. एक मांजर येऊन तिच्याकडे पाहत बसते. वर रस्त्यावर मुले खेळत असतात, त्यांची एक गोटी झरोक्यातून घरंगळत खाली येते आणि ती ती गोटी हातात धरून, गालाला लावून बसते. हळूहळू केस वाढतात. केस चारचौघांत दिसण्याजोगे झाल्यावर आई तिला सांगते की आता तू पॅरिसला जा. एका रात्री ती सायकलवरून निघते. पॅरिसला पोचते, तर सगळ्या वर्तमानपत्रांत एकच नाव, हिरोशिमा.

हे सगळे तिने चौदा वर्षांत कोणालाही सांगितलेले नाही. नवऱ्यालाही नाही. ती ते सांगते नदीकाठच्या एका चहागृहात, या परक्या जपानी माणसाला. सांगता सांगता ती त्यालाच तो मेलेला जर्मन समजून ‘तू’ म्हणू लागते आणि तोही त्या जर्मनाच्या जागी जाऊन प्रश्न विचारतो. एका क्षणी ती इतकी हरवते की तो तिला थोबाडीत मारून जागे करतो. नंतर त्याला कळते की हे ऐकणारा जगातला मी पहिलाच. तेव्हा त्याला जो आनंद होतो तो पाहण्यासारखा आहे.

एमान्युएल रिवा या नटीने ही भूमिका केली. एजी ओकादा हा तो जपानी नट. पुढे ‘वुमन इन द ड्यून्स’ या १९६४ च्या जपानी चित्रपटात तोच नायक होता. रेने यांनी जपानमधले चित्रण एका जपानी छायाचित्रकाराकडून आणि फ्रान्समधले एका फ्रेंच छायाचित्रकाराकडून करवून घेतले, म्हणजे दोन गावांचा उजेडही वेगळा दिसावा. १९५९ च्या कान महोत्सवात चित्रपट स्पर्धेबाहेर दाखवला गेला. अमेरिकेला वाईट वाटू नये म्हणून, असे तेव्हापासून सांगितले जाते. समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मात्र त्याला मिळालाच. रिवा पुढे ८५ व्या वर्षी ‘आमूर’ या २०१२ च्या चित्रपटासाठी ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचल्या आणि २०१७ च्या जानेवारीत गेल्या. रेने २०१४ मध्ये गेले.

आता त्या कापलेल्या केसांविषयी. ही लेखिकेची कल्पना नव्हे. १९४३ ते १९४६ या काळात फ्रान्समध्ये सुमारे वीस हजार बायकांचे असे जाहीरपणे केस कापले गेले, असा अंदाज फाब्रिस व्हिर्जिली या फ्रेंच इतिहासकाराने दिला आहे. गावच्या चौकात खुर्ची मांडायची, बाईला बसवायचे, कातरी किंवा यंत्र चालवायचे, कधी कपाळावर डांबराने खूण करायची आणि मग गावभर मिरवायचे. शार्त्र या गावी ऑगस्ट १९४४ मध्ये रॉबर्ट कापा या छायाचित्रकाराने टिपलेले एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. डोके भादरलेली एक बाई तान्हे मूल छातीशी धरून चालली आहे आणि भोवती हसणारा घोळका. त्या घोळक्यात बायकाही आहेत.

या सर्व बायका जर्मनांशी संबंध ठेवणाऱ्या होत्या असेही नाही. व्हिर्जिलींच्या अभ्यासानुसार निम्म्याहून कमी जणींवर तसा आरोप होता. बाकीच्यांवर चहाडी केल्याचे, जर्मनांकडे नोकरी किंवा व्यापार केल्याचे आरोप. पण पुरुषाने जर्मनांना सिमेंट विकले तर त्याचे केस कोणी कापत नसे. बाई असली की शिक्षा तिच्या शरीरावर, डोक्यावर. आणि यातली विसंगती पाहा. त्याच १९४४ च्या एप्रिलमध्ये फ्रेंच स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारा हुकूम निघाला होता! एका हाताने मतपत्रिका दिली, दुसऱ्या हाताने कातरी चालवली.

हे फ्रान्सपुरतेही नव्हते. स्पेनमध्ये १९३६ नंतरच्या यादवीत फ्रँकोच्या माणसांनी विरोधी पक्षाच्या बायकांची डोकी भादरली. खुद्द जर्मनीत, पोलिश मजुरांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून जर्मन बायकांची डोकी भादरून त्यांना मिरवले जाई. म्हणजे ज्यांच्यावर प्रेम केले म्हणून नेव्हेरच्या मुलीला शिक्षा झाली, त्यांच्या देशातही शिक्षा हीच.

आणि हे लिहिणाऱ्या मार्गरित द्युरास कोण होत्या? त्या स्वतः प्रतिकार चळवळीतल्या होत्या. त्यांचे पती रोबेर आंतेल्म यांना १९४४ मध्ये पकडून छावणीत नेले होते. १९४५ मध्ये ते दाखाउहून परत आणले गेले तेव्हा त्यांचे वजन चाळीस किलोच्याही आत होते. त्या वाट पाहण्याबद्दल द्युरास यांनी पुढे १९८५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या बाईने जर्मनांमुळे एवढे भोगले, तिने जर्मनावर प्रेम करणाऱ्या मुलीचे दुःख लिहिले. मला या चित्रपटातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते. शत्रूच्या बाजूच्या माणसाचेही दुःख दुःखच असते, हे म्हणायला सोपे आहे. घरात तसा माणूस परत आल्यावर ते लिहायला छाती लागते.

इथे मला आईच्या त्या वाक्याकडे यावे लागते.

आपल्याला, म्हणजे मराठी वाचणाऱ्या माणसाला, डोके भादरलेली बाई पाहण्यासाठी फ्रान्सला जावे लागत नाही. केशवपन हा शब्द आपल्याला ठाऊक आहे. नवरा मेला की बाईचे केस काढायचे, कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, लाल आलवण नेसवायचे आणि एकवेळ जेवायला घालून माजघरात ठेवायचे. ब्राह्मण घरांतून ही चाल पक्की होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, पण कायदा वस्तऱ्याला आडवा आला नाही. आगरकरांनी त्याविरुद्ध लिहिले. मुंबईच्या न्हाव्यांनी १८९० साली सभा भरवून आपण विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले, त्यामागे सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे होते. त्याच सुमारास हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः येत होती. त्यातली यमू स्वतःच आपली कहाणी सांगते आणि तिची अखेर याच वस्तऱ्यापाशी होते. एका बाईने ‘मी’ म्हणून आपले सांगणे, हीच त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती!

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे पुढच्या बाया कर्व्यांशी, लग्न केले. त्या बालविधवा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात त्या शिकत होत्या. या लग्नानंतर कर्व्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. नेव्हेरमध्ये औषधाचे दुकान बंद पडले, मुरुडात दारे बंद झाली. गाव म्हटले की शिक्षा एकट्या बाईला होत नाही, घरालाही होते. म्हणूनच घर तिला तळघरात लपवते.

या दोन गोष्टी एकच आहेत असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. फ्रान्समधला तो उन्माद काही महिन्यांचा होता, आपल्याकडची चाल कित्येक पिढ्यांची. तिथे निदान काहीतरी आरोप होता, खरा किंवा खोटा. इथे आरोपच नव्हता, नवरा मेला हाच गुन्हा. तिथे केस पुन्हा वाढले आणि मुलगी सायकलवर बसून पॅरिसला गेली. इथे दर महिन्याला न्हावी येई. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे आणि ती मला फार बोचते. नेव्हेरच्या मुलीचे केस जर्मनांनी कापले नाहीत, शेजाऱ्यांनी कापले. आपल्याकडेही कोणी परका आला नव्हता. आपल्याच ओसरीवर, आपल्याच माणसांनी बोलावून आणलेल्या म्हाल्याने ते काम केले.

आमची आते तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली. साल १९२८ च्या आसपासचे. आमचे घर फोंडा महालात, पाठीमागे कुळागर. मला आठवते ती म्हातारी, वाकलेली, लाल आलवणातली, सोवळ्याने स्वयंपाक करणारी. माझ्या लहानपणी म्हालो यायचा बंद झाला होता, पण ती स्वतःच कातरीने केस बारीक कापून घेई आणि पदर कधी ढळू देत नसे. ती आम्हाला पांडवप्रतापातल्या गोष्टी सांगायची. सोलां वाळत घालायची. लग्नमुंजीच्या वेळी मागच्या खोलीत बसायची आणि आम्हा मुलांना ते इतके सवयीचे होते की आम्ही तिला तिथेच लाडू नेऊन द्यायचो. का बसते, असे मी कधी विचारले नाही. १९९१ मध्ये ती गेली, तेव्हा मी दहाअकरा वर्षांचा होतो.

पुढे घराचे नळे परतताना माळ्यावरून तिची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत दोन लुगडी, पोथी, जपमाळ आणि कापडात गुंडाळलेली एक लाकडी फणी. दोन्ही बाजूंनी दात असलेली, जुनी. मी ती हातात घेऊन उभा राहिलो. तेराव्या वर्षानंतर जिला फणीचे काम पडले नाही, तिने ती साठ-बासष्ट वर्षे जपून ठेवली होती. आईने ती माझ्या हातातून घेतली, पुन्हा कापडात गुंडाळली आणि ठेवून दिली. कोणीही काही बोलले नाही. मीही नाही.

त्या पावसाळी रविवारी, चित्रपट थांबवल्यावर, मी आईला प्रथमच विचारले. आई म्हणाली की ती फणी मला ठाऊक होती. मी सून म्हणून या घरात आले, त्या पहिल्याच वर्षी आतेने एका दुपारी मला माजघरात बोलावले, दार लोटून घेतले आणि ती दाखवली. तिच्या आईची फणी होती ती. लांब केस होते म्हणाली, बसली की जमिनीला टेकायचे. ते कापले तेव्हा तिला वाटले की आता आपल्याला कोणी ओळखणार नाही. एवढेच बोलली आणि ‘कोणाकडे उलगडू नको’ म्हणाली. आईने पन्नास वर्षे ते कोणाला सांगितले नव्हते.

मी पुन्हा चित्रपटाकडे वळलो, कारण आता तो मला कळू लागला होता. आते भावाला बोलली नाही, भावजयीला बोलली नाही, पुतण्याला बोलली नाही. बोलली ती परक्या घरून नुकत्याच आलेल्या मुलीशी. नेव्हेरची ती बाई नवऱ्याला बोलली नाही, हिरोशिमाच्या परक्या माणसाला बोलली. जवळच्या माणसांना सांगता येत नाही, कारण जवळची माणसे त्या गोष्टीत स्वतः असतात. न्हाव्याला बोलावणारे तेच, दार बंद करणारे तेच. ज्याचा त्यात हात नाही, आणि ज्याने स्वतःही काही गमावले आहे, त्यालाच सांगता येते. त्या जपानी माणसाने आपली माणसे गमावली होती. आईने नुकतेच माहेर सोडले होते. तुलना फार लांबची आहे, पण मला ती खोटी वाटत नाही.

सांगितल्याने जखम भरते का? आजकालचे बरेच चित्रपट ‘हो’ म्हणतात. नायिका रडते, नायक मिठी मारतो, पाऊस पडतो आणि सगळे ठीक होते. द्युरास इतक्या भोळ्या नाहीत. चहागृहातून परतल्यावर ती बाई हॉटेलच्या खोलीत तोंडावर पाणी मारते आणि आरशात पाहून त्या मेलेल्या जर्मनाची जणू क्षमा मागते, की आज मी तुला दुसऱ्याच्या स्वाधीन केले. इतकी वर्षे ते दुःख तिचे एकटीचे होते. सांगितल्याबरोबर ते गोष्ट झाले, आणि गोष्ट झाली की ती विसरता येते. तिला भीती आहे ती विसरण्याची. बरे होण्याची किंमत विसरणे ही आहे, आणि ती किंमत प्रत्येकाला परवडतेच असे नाही.

हिरोशिमाच्या लोकांपुढेही हाच पेच होता. युद्धानंतर १९५२ पर्यंत अमेरिकन ताबा होता आणि बाँबविषयी मोकळेपणाने छापण्यावर बंधने होती. बाँबमधून वाचलेल्यांना जपानीत ‘हिबाकुशा’ म्हणतात. त्यातल्या अनेकांनी ही गोष्ट लपवली, कारण कळले तर मुलामुलींची लग्ने होणार नाहीत, नोकरी मिळणार नाही. तेही एक तळघरच. १९५६ मध्ये त्यांची ‘निहोन हिदान्क्यो’ ही संघटना स्थापन झाली आणि ही माणसे देशोदेशी जाऊन, शाळांत जाऊन, आपल्या तोंडाने सांगू लागली. २०२४ चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले, ते या साक्षीसाठीच. तोपर्यंत त्यांतले बहुतेक ऐंशीच्या पुढे गेले होते. त्यांच्या जखमा भरल्या म्हणून ते बोलत नव्हते. आपण गेल्यावर सांगणारे कोणी उरणार नाही, म्हणून बोलत होते.

मी सरकारी कारकून. माझ्या टेबलासमोर माणसे जन्माचे, मृत्यूचे दाखले मागायला येतात. एका ओळीत नाव, एका ओळीत बापाचे नाव, तारीख, शिक्का. आतेचीही तशी एक नोंद कुठल्यातरी पुस्तकात असणार. केसांसाठी त्यात रकाना नाही.

हे लिहायचे ठरवले तेव्हा बाबांना विचारले. ते आता ऐंशीच्या घरात आहेत. प्रथम रागावलेच. “आतां कित्याक तें?” म्हणाले. मेलेल्या माणसाची लाज चव्हाट्यावर मांडू नये. मी म्हटले, लाज तिची नव्हे, आपली. त्यावर ते उठून सोप्यावर जाऊन बसले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटले, विषय संपला. लिहायचे नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. म्हणाले, म्हालो यायचा त्या दिवशी आम्हा मुलांना कुळागरात पिटाळायचे. मी नऊ वर्षांचा असेन. एकदा पोफळीआडून मी पाहिले. ती पाठमोरी होती. वस्तरा चालत होता आणि ती एका हाताने जमिनीवर पडलेले बारीक केस गोळा करत होती. एक एक. म्हाल्याने ते नंतर झाडून टाकले. “हांवें कोणाक सांगूंक ना,” बाबा म्हणाले. सत्तर वर्षांत नाही. आपल्या आईला नाही, बायकोला नाही.

म्हणजे आमच्या एका घरात एकाच बाईचे दुःख दोन माणसे, नवराबायको, पन्नास वर्षे वेगवेगळी सांभाळत होती आणि एकमेकांना त्याचा पत्ता नव्हता!

बाबांनी लिहायची परवानगी दिली, पण तिचे नाव घालू नको म्हणाले. मी ते ऐकले. या चित्रपटातही त्या दोघांना नावे नाहीत. अगदी शेवटी ती त्याला म्हणते की तुझे नाव हिरोशिमा, आणि तो म्हणतो की तुझे नाव नेव्हेर. जिथे जखम झाली त्या गावाचे नाव. आमच्या गावाचे नावही मी लिहिलेले नाही. अशा आत्या एकाच गावात नव्हत्या, हे वाचणाऱ्या पुष्कळांना आपापल्या घराचे माजघर आठवेल, आणि तेवढे पुरे आहे.

उरलेला चित्रपट आम्ही पुढच्या रविवारी पाहिला. या वेळी मुलगीही बसली होती. नेव्हेरची मुलगी सायकलवरून निघाली तेव्हा आई म्हणाली, “गेली एकदाची.” नंतर मुलीने विचारले, आजी, ही आते कोण? आईने कपाट उघडले आणि कापडात गुंडाळलेली ती फणी काढून तिच्या हातात दिली. मग सांगायला बसली. बाबा सोप्यावरून उठून आत आले आणि तेही बसले.